बिझनेस मीटिंगमध्ये ९-३ झालं, पण मन मानत नाहीये

ऐरोलीचा_पक्षी:

नमस्कार मंडळी. मी एनएमध्ये (नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस, ड्रग्ज सोडणाऱ्यांची फेलोशिप) आहे, साडेतीन वर्षं क्लीन म्हणजे नशेशिवाय, आणि गेले सात-आठ महिने होम ग्रुपचा, म्हणजे माझ्या नेहमीच्या ग्रुपचा, सेक्रेटरी. ग्रुपचं नाव लिहीत नाही, दोन-चार तपशील मुद्दाम बदललेत, तरी ज्यांना ओळखू येईल त्यांनी ओळखून गप्प बसावं ही विनंती.

तर आमची मीटिंग ठाणे पूर्वेला, कोपरीत, एका शाळेच्या वर्गात होते. आठवड्यातून तीनदा, साडेसात ते नऊ. भाडं महिन्याला २,४००. डब्यात मीटिंगमागे दोनशे-सव्वादोनशे पडतात म्हणजे महिन्याचे कसेबसे २,८००, त्यातच चहा-बिस्किट, की टॅग (किती दिवस क्लीन त्याची खूण), लिटरेचर, आणि एरियाला (आसपासच्या ग्रुप्सची समिती) पाठवायला उरले तर शंभर रुपये, बऱ्याच महिन्यांत तेही नाहीत. त्यात पावसाळ्यात वर्ग गळतो. बाकं पाचवीच्या पोरांची, आमच्यातला एक सहा फुटी माणूस बसला की उठताना बाक घेऊनच उठतो.

आता एका मेंबरने, १९ वर्षं क्लीन, रबाळ्याला स्वतःचं रिहॅब चालवतो, त्याने ऑफर दिली की माझा हॉल घ्या, फुकट, एसी आहे, खुर्च्या आहेत, चहापण किचनमधून येईल. बिझनेस मीटिंगला (ग्रुपचा कारभार ठरवायची बैठक) विषय घेतला, पंधरा मिनिटांत हात वर, ९ बाजूने ३ विरोधात. मी रजिस्टरमध्ये 'मंजूर' लिहिलं, सेरेनिटी प्रेयर झाली, सगळे घरी.

त्या तिघांत एक ताई आहे. ग्रुपमधली एकटीच बाई, कळव्याहून येते. ती म्हणाली रात्री नऊनंतर एमआयडीसीतून रबाळे स्टेशनला चालत यायचं, मग ठाण्याला गाडी बदलायची, मला नाही जमणार. लगेच कोणीतरी म्हणालं, ताई आम्ही आहोत ना, सोडू की स्टेशनला. ती म्हणाली "बरं" आणि गप्प झाली. दुसरा म्हणाला सिक्स्थ ट्रॅडिशनचं (बाहेरच्या संस्थेशी आपलं नाव जोडायचं नाही हे तत्त्व) काय, रिहॅबचं नाव आपल्याला चिकटणार. त्याला "अरे तो आपलाच माणूस आहे" म्हणून बसवलं. तिसरा कशालाही विरोधच करतो, त्याचं सोडा.

तेव्हापासून ते "बरं" डोक्यातून जात नाहीये. आपण ज्याला ग्रुप कॉन्शन्स, ग्रुपचा सदसद्विवेक, म्हणतो तो हाच का, की नुसती हातांची मोजणी झाली? आणि मी स्वतः बाजूने मत दिलंय, आता कुठल्या तोंडाने बोलू? शेअरिंगमध्ये आपण प्रामाणिकपणा, नम्रता, मोकळं मन वगैरे बोलतो, पण हॉल-भाडं-चहा असल्या निर्णयाला ती प्रिन्सिपल्स लावायची म्हणजे नेमकं करायचं काय, डोळे मिटून बसायचं?

तीनहातनाका:

भावा, जास्त विचार करतोयस. मीपण एनए, ९ वर्षं. फिफ्थ ट्रॅडिशन काय सांगते, ग्रुपचं काम एकच, जो अजून त्रासात आहे त्याच्यापर्यंत मेसेज पोचवणं. न्यूकमर जुलैत पहिल्यांदा येतो, अंगात थरथर, वरून डोक्यावर पाणी ठिबकतंय, तो परत येईल का? कोरडा हॉल, बसायला नीट खुर्ची हीसुद्धा सेवाच आहे. तिकडे पोरं डिटॉक्समधून थेट मीटिंगला येतील, रोज आठ-दहा नवीन चेहरे. ९ जणांनी मत दिलंय, ते काय बेवडे-गर्दुल्ले आहेत का (हो, आहेतच म्हणा, पण समजून घे). ताईसाठी रिक्षाचे पैसे डब्यातून द्या आणि विषय संपवा.

सोसायटी_सेक्रेटरी:

मी तुमच्यातला नाही, घोडबंदरला एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे, चुकून इथे आलो आणि वाचतच बसलो. एक प्रश्न. बहुमत झालं, मिनिट्स लिहिले, मग अडचण काय? आमच्याकडे पार्किंगवरून एजीएममध्ये खुर्च्या उचलल्या गेल्यात, तुमच्याकडे पंधरा मिनिटांत ९-३ होतंय, मला तर हेवा वाटतोय. आणि या ट्रॅडिशन म्हणजे काय, बायलॉज का?

जुना_खोडरबर:

मी एएवाला (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची फेलोशिप), नौपाड्यात राहतो, दारू सोडून बरीच वर्षं झाली, आकडा सांगत नाही कारण आकडा सांगितला की लोक ऐकायला लागतात आणि विचार करायचं सोडून देतात.

सेक्रेटरीसाहेब, बायलॉज मोडले की उपनिबंधक आहे. आमच्याकडे वर कोणीच नाही. बारा ट्रॅडिशन आहेत, १९५०मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात एएने स्वीकारल्या, एनएने नंतर आपल्यापुरत्या शब्द बदलून घेतल्या. मोडल्या तर दंड नाही, कोणी काढून टाकत नाही, फक्त ग्रुप हळूहळू बसतो. दुसरी ट्रॅडिशन सांगते की ग्रुपवर अंतिम सत्ता एकच, प्रेमळ ईश्वर, जसा तो ग्रुपच्या सदसद्विवेकातून व्यक्त होतो तसा, आणि पुढारी असतात ते नुसते विश्वासाचे सेवेकरी, राज्य करणारे नाहीत. आता देव मतपत्रिकेवर उतरत नाही. म्हणून सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, आपल्याला न आवडणाऱ्याचं जास्त नीट ऐकायचं, आणि मग हात वर करायचे. हात आधी आणि ऐकणं नंतर झालं की तुमची एजीएम आणि आमची मीटिंग सारखीच.

पक्षीराव, पैशाचं सांगतो. १९३७-३८ साली एएचा एक संस्थापक बिल आणि मंडळी न्यूयॉर्कात धनाढ्य रॉकफेलर धाकट्याच्या दारात गेली होती, हॉस्पिटलं काढू, पगारी माणसं नेमू असे बेत. ५० हजार डॉलर द्यावेत अशी शिफारस त्याच्याच माणसाने केली होती. त्याने दिले ५ हजार आणि म्हणाला पैसा ही गोष्ट बिघडवेल. तेव्हा यांना राग आला असणार, मला तरी आला असता. पण पुढे १९४८मध्ये कोणीतरी मृत्युपत्रात १० हजार डॉलर ठेवले, तिजोरीत खडखडाट होता, तरी यांनी स्वतःहून नाही म्हटलं. दहा वर्षांत मागणारे नाही म्हणणारे झाले. सेव्हन्थ ट्रॅडिशन तिथून पक्की झाली, आपला खर्च आपण करायचा, बाहेरचं घ्यायचं नाही.

"तो आपलाच माणूस आहे", बरोबर, पण त्याचं रिहॅब आपलं नाही. तो डब्यात वीस रुपये टाकतो तेव्हा मेंबर असतो. हॉल फुकट देतो तेव्हा मालक असतो. मालक वाईट आहे असं मुळीच म्हणत नाही. भाडं दिलं की तुम्ही भाडेकरू, नाही दिलं की पाहुणे, आणि पाहुण्याला यजमानाच्या घरात बसून यजमानाबद्दल बोलता येत नाही. उद्या त्याच रिहॅबमधून बाहेर पडून स्लिप झालेला, म्हणजे परत नशेत गेलेला, पोरगा तिथल्याच हॉलमध्ये उठून बोलेल का की मला तिथे काय झालं? रिहॅबच्या जागेत मीटिंग चालतात, त्यात गैर काही नाही, पण भाडं द्यावं, पावती घ्यावी, ग्रुपच्या नावात रिहॅबचं नाव येऊ देऊ नये, आणि येणाऱ्याला स्वच्छ सांगावं की यांचा-आमचा संबंध भाड्यापुरता.

आता तुझा मुख्य प्रश्न, कुठल्या तोंडाने. अरे, तुझंच तोंड पाहिजे! आमच्याकडे रीत अशी आहे की मतदान झालं की हरलेल्या बाजूला विचारायचं, अजून काही सांगायचंय का. ते बोलून झाले की जिंकलेल्या बाजूच्या माणसांना विचारायचं, कोणाचं मन बदललं का. आणि पुन्हा विचार करू हा प्रस्ताव फक्त जिंकलेल्या बाजूने मत दिलेला माणूसच मांडू शकतो. ताई मांडू शकत नाही. तू मांडू शकतोस. बिलने १९६२च्या कन्सेप्ट्समध्ये (सेवेचं काम कसं चालवायचं त्याची तत्त्वं) अल्पमताच्या हक्कावर बरंच लिहिलंय, बहुमताच्या दादागिरीची त्याला भीती होती. तुमच्या एनएचे स्वतःचे बारा कन्सेप्ट्स आहेत, १९९२चे, त्यातला नववा बघ, सगळ्यांचं म्हणणं नीट विचारात घ्यायची जबाबदारी.

एक विचारतो. हात वर केले तेव्हा ऑफर देणारा खोलीत होता का?

ऐरोलीचा_पक्षी:

होता काका. समोरच बसला होता. चहापण त्यानेच आणला होता त्या दिवशी.

जुना_खोडरबर:

मग ९ नाही, किती ते देवालाच माहीत.

सोसायटी_सेक्रेटरी:

हे भारी आहे. हरलेल्याला बोलू द्यायचं आणि जिंकलेल्याने फेरविचार मागायचा. आमच्याकडे जिंकलेला पेढे वाटतो. बरं, माणूस निवडायचा असेल आणि कोणीच मागे हटत नसेल तर?

जुना_खोडरबर:

सेवेकरी निवडताना एक पद्धत आहे, दोन तृतीयांश मतं मिळेपर्यंत फेऱ्या घ्यायच्या, पाच फेऱ्यांनंतरही नाही जमलं तर टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची निघेल तो. कोकणातला माणूस याला कौल म्हणेल आणि त्यात नवल वाटून घेणार नाही. पण हॉलसाठी चिठ्ठ्या नकोत, तिथे बोलण्यावाचून सुटका नाही.

नेरुळची_मावशी:

मी अल-अनॉनची, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांची फेलोशिप, आमची १९५१पासून. मिस्टर एएत आहेत. तुमच्या पोरांच्या गप्पांत पडू नये असं ठरवलं होतं, पण त्या "बरं"वरून राहवेना.

आमच्या ग्रुपची मीटिंग दुपारी चारला असायची. नोकरीवाल्या मुली यायला लागल्या म्हणून संध्याकाळी सातची करायचं ठरलं. चांगल्या कारणासाठीच. सगळ्यांना विचारलं, एक आजी होत्या सीवूड्सच्या, त्या म्हणाल्या "चालेल". आम्ही एकमताने लिहिलं. बायकांचं "चालेल" म्हणजे काय हे आम्हा बायकांनाच कळलं नाही बघा. सातला त्यांच्या घरी मुलगा पिऊन यायचा, त्या वेळी घर सोडून निघणं त्यांना शक्यच नव्हतं आणि चारचौघींत ते सांगायची लाज वाटली. दोन महिने आल्या नाहीत, आम्हाला वाटलं तब्येत. वेळ परत बदलली नाही आम्ही, मुलींचीपण गरज होतीच, पण बुधवारची एक मीटिंग चारलाच ठेवली. पाच जणी असतो कधी, कधी दोघी. आजी त्यातल्या एक.

तर "आम्ही सोडू की" हे उत्तर नाहीये बाळांनो. कोण सोडणार? सोमवारी कोण, शुक्रवारी कोण? जो सोडणार तो त्या दिवशी नाही आला तर ती हॉलमध्ये थांबणार का? एकट्या बाईला रोज कोणा पुरुषाच्या बाईकवर बसून मीटिंगहून जावं लागणं, हे तिला विचारलं का कोणी? तिने रस्त्याची अडचण सांगितली, तुम्ही तिला ओझं करून टाकलंत. आणि रिक्षाचे पैसे डब्यातून म्हणता, म्हणजे दर वेळी सगळ्यांसमोर हात पसरायचा.

अनॉनिमिटी म्हणजे नाव लपवणं एवढंच आपण धरतो. मला ती वारीत कळली. तिथे सगळे एकमेकांना माऊली म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात, समोरचा मास्तर आहे का मजूर हे कोणी विचारत नाही. बिझनेस मीटिंगमध्ये १९ वर्षांचा बोलला की विचार आणि एकटी बाई बोलली की अडचण, असं झालं ना, तिथे अनॉनिमिटी मोडली, नाव कोणी बाहेर सांगितलं नसलं तरी.

आणि तू रागावू नकोस, पण तुझ्या आयडीतच ऐरोली आहे. रबाळं तुला पुढचंच स्टेशन.

ऐरोलीचा_पक्षी:

मावशी 🙏 पकडलंत.

खरं लिहितो. हात वर करताना मनात पहिलं काय आलं तर आता सेक्रेटरीला अर्धा तास आधी उघडायला कोपरीला जायला नको, घरून दहा मिनिटं. दुसरं, जे मी वर लिहिलंच नाही, माझी ट्रीटमेंट त्यांच्याच रिहॅबमध्ये झाली होती. शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, आईने मंगळसूत्र काढून दिलं होतं तेही परत पाठवलं. त्या माणसाच्या समोर बसून, त्याच्या हातचा चहा पिऊन, मी विरोधात हात वर करणार होतो का? नाही. आणि फेलोशिपसाठी चांगलं म्हणून मत दिलं असं मी दोन आठवडे स्वतःला सांगतोय. टेन्थ स्टेप (आपलं काय चुकलं ते तपासायचं) रोज रात्री लिहितो, भांडणं लिहितो, खोटं बोललेलं लिहितो, बिझनेस मीटिंगमधलं मत कधी लिहिलं नव्हतं.

नारंगी_टॅग:

मी नवीन आहे. ४१ दिवस. लिहावं का माहीत नाही.

मला घरच्यांनी गाडी पाठवून उचलून नेलं होतं, चार माणसं, रात्री दोनला, बनियनवर. दुसरं रिहॅब होतं, तुमच्या इथलं नाही. तीन महिने. तिथल्या लोकांनी वाईट वागवलं असं नाही सगळ्यांनी, पण गेटला बाहेरून कुलूप असायचं आणि तो आवाज. आता मी एका देवळामागच्या खोलीत मीटिंगला जातो, दार उघडंच असतं, मधेच उठून बाहेर जाऊन सिगरेट ओढून परत येतो, कोणी काही म्हणत नाही. तीच मीटिंग रिहॅबच्या गेटच्या आत असती तर मी पहिल्या दिवशी बाहेरून बघून परत गेलो असतो. कारण कोणाला सांगितलं नसतं. तुमचे ९-३ झाले त्यात माझ्यासारखा नव्हताच. जे येणारच नाहीत त्यांची मतं कोण मोजणार?

बाकी खुर्ची-एसीचं खरंय. आमच्याकडेपण पंखा आवाज करतो.

तीनहातनाका:

नारंगी, आत्ता लिहिलंस ते माझ्या ९ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः चालत रिहॅबला गेलो होतो, मला तो गेट म्हणजे सुटका वाटते. तुला उलटं. ठीक.

तरी माझा मुद्दा सोडत नाहीये. गळका वर्ग म्हणजे अध्यात्म नाही. कोपरीला चिकटून राहायचं आणि त्याला प्रिन्सिपल म्हणायचं हेपण आळसच आहे, सेक्रेटरी शाळेच्या मुख्याध्यापकांना छताबद्दल एकदा तरी भेटलाय का? आणि १९ वर्षंवाल्या माणसाने मनापासून दिलेलं नाकारताना त्याच्याशी नीट बोला, ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर तोंडावर नका पाडू त्याला. त्यालापण फेलोशिप लागते, रिहॅब चालवतो म्हणून तो बरा झालाय असं नाही.

डब्यातून रिक्षावाला मुद्दा मागे घेतो. मावशी, सॉरी.

जुना_खोडरबर:

तीनहातनाक्याचं शेवटचं पटलं. मतदानाआधी त्या माणसाला एकटं भेट, चहा तुझ्या पैशाने पाज. तलावपाळीला बसा. निर्णय सांगायला जाऊ नकोस, तुझ्या मनात काय चाललंय तेवढं सांग. आणि मीटिंगला फेरविचार मांडताना "ताईसाठी" म्हणू नकोस, तिला परत सगळ्यांसमोर उभं करशील. "माझं मत प्रामाणिक नव्हतं" एवढं म्हण. पुरे आहे.

आमच्यात एक जुना किस्सा आहे. एका गावातल्या ग्रुपने सगळं आदर्श करायचं म्हणून ६१ नियम केले आणि सगळं कोसळलं. मग त्यांनी ६२वा नियम छापला, स्वतःला फार गंभीरपणे घेऊ नका. तुम्ही पण जरा हसत बसा त्या मीटिंगला.

ऐरोलीचा_पक्षी:

अपडेट. उशीर झाला, मधे पाऊस आणि ऑफिस दोन्ही होतं.

आधी त्यांना भेटलो. तलावपाळीला नाही, रबाळ्यालाच, त्यांच्या ऑफिसात, पण चहाचे पैसे मी दिले यावर ते खूप हसले. सगळं सांगितलं, मंगळसूत्राचंपण. पहिली दहा मिनिटं ते चिडले, "मी काय जाहिरात करायला बसलोय का", आणि मला वाटलं चुकलंच माझं. मग म्हणाले, मी त्या खोलीत बसायला नको होतं मत घेताना. पुढच्या वेळी बाहेर थांबेन. तरी मनातून दुखावलेत, ते कळतं, काल मीटिंगला आले आणि मागच्या बाकावर बसले, शेअर केलं नाही.

बिझनेस मीटिंगला फेरविचार मांडला. एकाने विचारलं असा नियम कुठे लिहिलाय, मी म्हटलं आपल्याकडे नाही लिहिलेला, एएच्या एका काकांकडून उसना घेतलाय. तो कायम विरोध करणारा तिसरा मेंबर, त्याने फेरविचारालाही विरोध केला 😄 आणि मग दहा मिनिटं फार कामाचं बोलला. त्याचा पहिल्यापासूनचा मुद्दा एवढाच होता की विषय एका मीटिंगमध्ये मांडावा आणि मत पुढच्या मीटिंगला घ्यावं, मधे प्रत्येकाने आपल्या स्पॉन्सरशी (वाट दाखवणारा जुना मेंबर) बोलावं. वर मी "त्याचं सोडा" लिहिलंय, ते खोडत नाही, राहू दे.

मुख्याध्यापक बाईंनाही भेटलो. छप्पर यंदा होणार नाही, पण तळमजल्यावरचा एक वर्ग कोरडा आहे, तो शनिवारी क्लासवाल्यांना दिलाय, बाकी दिवस मिळेल का ते बघून सांगते म्हणाल्या.

मत मात्र घेतलं नाही, कारण ताई आलीच नव्हती. फोन केला तर म्हणाली रविवारी सकाळी मुलाचा क्लास असतो, बिझनेस मीटिंगला मला कधीच येता आलं नाही, त्या दिवशी सुट्टी होती म्हणून आले होते. साडेतीन वर्षांत हे आम्हाला माहीत नव्हतं. म्हणून आता बिझनेस मीटिंगच बुधवारी ठेवलीये, मीटिंग अर्धा तास लवकर संपवून, साडेआठला, कोपरीलाच. मधल्या रांगेवर गळतं तिथे ठेवायला बादली मी घरून आणतोय.